तिसरी कामठी

“आता तरी झाली ना, बाबा?”

सायसिंगने कामठी दोन्ही तळव्यांवर आडवी धरून पुढे केली. पूजेचं ताट धरावं तशी.

वेस्ताबाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते चुलीतल्या निखाऱ्यावर विडी पेटवत होते.

“मला काय विचारतोस? कामठी कोणाची?”

“माझी.”

“मग तिला विचार.”

सातपुड्यातल्या साळीपाड्यावर बांबूच्या धनुष्याला कामठी म्हणतात. आणि कामठी करावी तर वेस्ताबाबांनीच, असंही म्हणतात.

सायसिंग त्याच पाड्यावरचा, पण बारा वर्षं सुरतेला फर्निचरच्या कामावर होता. त्याने बसवलेल्या कपाटाच्या फटीत पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही, अशी त्याची ख्याती होती. ही ख्याती बहुतेक वेळा तोच सांगायचा.

पाड्यावर होळीला पुरुष रांगेने नाचतात. प्रत्येकाच्या खांद्याला स्वतःच्या हाताने केलेली कामठी. विकतची चालत नाही, मागून आणलेली चालत नाही, बापाचीसुद्धा चालत नाही.

माणूस गेला की रांगेतली त्याची जागा तीन होळ्या रिकामी ठेवतात. त्याच्या लेकासाठी. चौथ्या होळीलाही लेक आला नाही, तर रांग सरकते आणि जागा मिटते. मग त्या घराने कडेला उभं राहून बघायचं.

सायसिंगचा बाप गेल्यावर तीन होळ्या होऊन गेल्या होत्या.

चौथी आज होती. सूर्य डोंगराला टेकला की रांग निघणार होती.

“बाबा, हिच्यात काही खोट नाही. टेप लावून बघा. वरची बाजू, खालची बाजू… रुंदी सारखी, जाडी सारखी. एका सुताचा फरक सापडला तर नाव बदलीन.”

“आधीच्या दोघींतही नव्हता.”

“तो बांबूच कच्चा होता.”

“हं…”

“दुसऱ्याला कीड होती आतून.”

“हं…”

आधीच्या दोघी म्हणजे आठ दिवसांत केलेल्या आणि मोडलेल्या दोन कामठ्या. पहिलीने मोडताना सायसिंगची डावी भुवई फोडली. दुसरीने गाल सोलला. दोन्ही वेळा तो रक्त पुसत हसला होता. “आपण घाबरणाऱ्यातले नाही, बाबा!”

बाबांनी तेव्हा भुवईवर हळद दाबली होती, एवढंच.

बाबांच्या घरात चुलीवरच्या धुरात सुकवलेले तीन बांबू होते. हा तिसरा. हा मोडला तर पुढचा वाळायला वर्ष लागणार.

“बाबा, नुसतं हं काय? ऊन चाललंय. हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा!”

समोरच्या टेकडीवर कोणीतरी ढोल शेकून पहिली थाप मारली.

सायसिंगच्या पायांनी आपोआप ताल धरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणतात. याने तर सकाळपासूनच डोक्याच्या फेट्यात मोरपिसं खोचून ठेवली होती.

“जाऊ दे. ओढूनच दाखवतो.”

त्याने पाय रोवले. डाव्या हाताने कामठीची मूठ धरली. उजव्या हाताची बोटं बांबूच्या सालीच्या दोरीवर ठेवली. छाती फुगवली.

बाबांनी विडी दगडावर विझवली. गुडघ्यावर हात देऊन उठले. सावकाश चालत सायसिंगजवळ आले.

मुठीच्या वर वीतभर… जिथे आधीच्या दोन्ही कामठ्या मोडल्या होत्या… तिथे त्यांनी आपला सुरकुतलेला गाल नेला. बांबूला अगदी लागून. आणि डोळे मिटून घेतले.

“ओढ.”

“हे काय? बाबा, बाजूला व्हा.”

“का? झाली म्हणालास ना.”

“झालीच आहे. पण…”

“पण?”

सायसिंगने मूठ पुन्हा आवळून धरली.

“ओढ रे. ढोल वाजतोय.”

सायसिंगने ओढली. दोन बोटं. तीन बोटं. आणि त्याचा हात थांबला.

तो हात सुरतेत सातव्या मजल्याच्या गॅलरीबाहेर लोंबकळून खिडक्या बसवायचा. आज तो पुढे सरकेना. सायसिंगने रागाने त्याच्याकडे पाहिलं. तरी तो हलेना.

त्याने दोरी हळूच सैल सोडली.

“नाही ओढवत.”

“का?”

“मोडली तर तुमचा डोळा जाईल.”

“झालेली कामठी मोडते होय?”

सायसिंग कामठी मांडीवर घेऊन खाली बसला. टेकडीवर आता दुसरा ढोल मिसळला होता. कोणीतरी हाक मारत होतं. “सायसिंग! येतोस की जागा सरकवू?”

“बाबा, सांगा ना. कुठे चुकलंय?”

बाबा डोळे मिटून, मान पुढे काढून, होते तिथेच उभे.

“मी कसं सांगू? माझे डोळे मिटलेत. तुझं आटपलं की हाक मार. मान अवघडलीय.”

सायसिंगने टेप काढली. कामठीला लावली. वर सारखं, खाली सारखं. सगळं बरोबर होतं, आणि तरी ओढायला हात धजत नव्हता.

त्याने टेप बाजूला टाकली.

मग उठून तो दाराच्या चौकटीशी गेला. तिथे भिंतीत एक जाड खुंटी होती. गेले आठ दिवस तो तिच्यावर शर्ट अडकवत होता. तिला मधोमध चर का पडलाय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने खुंटीवरचा शर्ट काढला, कामठीची मूठ त्या चरात आडवी बसवली आणि दोरी खाली ओढली. थोडीच. वीतभर.

आणि मान तिरकी करून पाहिलं.

डावीकडे वरची बाजू छान वाकली होती.

उजवीकडे खालची बाजू काठीसारखी सरळ.

“अरे!” सायसिंग ओरडला. “अरे, अरे, बाबा! खालची वाकतच नाही! सगळा ताण एकटी वरची खातेय!”

“असं?”

“खाली पेराच्या दोन गाठी आहेत! वर एकच! टेपला गाठीचं बळ कसं कळणार?”

“टेप तुझी. मला काय माहीत?”

सायसिंगने बांबू तासायचा काचेचा तुकडा उचलला. दगडावर बसला. खालची बाजू मांडीवर घेतली, साल खाली आणि गाभा वर. आणि पुन्हा थांबला.

“पण इथे तासली तर दोन्ही बाजू सारख्या राहणार नाहीत, बाबा. माप बिघडेल.”

बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच मान चोळली.

“बिघडू दे?”

त्याने काच बांबूला टेकवली.

पहिला ओरखडा ओढताना त्याला स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाच्या नव्या कपाटावर ओरखडा काढल्यासारखं झालं. दुसऱ्याला थोडं कमी वाटलं. तिसऱ्याला बांबूची बारीक, पिवळी, कुरळी ढलपी निघून त्याच्या गुडघ्यावर पडली आणि तो हसला.

उठला. खुंटी. दोरी खाली. मान तिरकी.

“हलली! बाबा, थोडी हलली!”

बसला. तासली. उठला. खुंटी.

“ये बाई, ये. थोडी अजून. वरच्या एकटीला किती वाकायला लावशील?”

तो आता कामठीशी बोलत होता, बाबांशी बोलत होता, ढोलाशी बोलत होता. घामाने मोरपिसं कपाळावर चिकटली. सूर्य डोंगरापासून हातभर वर होता. मग वीतभर. काच बोटाला लागली, त्याने बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने तासत राहिला.

खुंटी. दोरी वीतभर. दोरी हातभर. मान तिरकी.

…

दोन्ही बाजू एकदम खाली आल्या. एक पुढे नाही, एक मागे नाही. त्याने दोरी सोडली, पुन्हा ओढली. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

टेप लावली असती तर चांगला दोन सुतांचा फरक निघाला असता. लावायचं त्याला सुचलंच नाही.

“बाबा!” त्याने टेकडीपर्यंत जाईल अशी हाक मारली. “बाबा, गाल लावा!”

बाबांनी गाल लावला. मुठीच्या वर वीतभर, बांबूला अगदी लागून.

सायसिंगने ओढली. दोन बोटं. वीतभर. छातीपर्यंत. कानापर्यंत. कामठी गोल झाली आणि तिने चकार शब्द काढला नाही. त्याचा हात आता कुठे अडला नाही. श्वास मात्र त्याने कोंडून धरला होता.

बाबांनी एक डोळा उघडला. वर पाहिलं. दुसरा उघडला. खाली पाहिलं.

मग ते दोन पावलं मागे सरले.

“बाण नाही लावायचा का रे?”

सायसिंगने दोरी सैल सोडली आणि बाण लावला. पुन्हा कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण नाला ओलांडून पलीकडच्या कापलेल्या शेतात, गवताच्या गंजीत जाऊन बसला.

सायसिंगने अशी आरोळी ठोकली, की टेकडीवरचे ढोल क्षणभर थांबले. मग तिकडून तशीच आरोळी आली. “ये रे, ये! जागा धरलीय!”

सूर्य अजून चार बोटं वर होता.

सायसिंग बाबांच्या पायांवर पडला, उठला, कामठी खांद्याला अडकवली आणि पळत सुटला. मोरपिसं मागे उडत होती. कुंपणापर्यंत गेला… आणि थबकला. वळून धापा टाकत परत आला.

“बाबा, एक विचारायचं राहिलं.”

“विचार. पण लवकर.”

“पहिल्यांदा तुम्ही गाल लावलात तेव्हा कामठी कच्ची आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मी रागाच्या भरात ओढली असती तर?”

“ओढली असतीस तर मोडली असती.”

“मग… तुम्हाला भीती नाही वाटली?”

बाबांनी विझलेली विडी पुन्हा निखाऱ्याला लावली.

“वाटली तर! चांगली घाम फुटेस्तोवर वाटली… आधीच्या दोघींच्या वेळी ती कोणालाच वाटली नव्हती. म्हणून तर मोडल्या.”