अस्वलिणीचा मध आणि मुंगूस तपासनीस

एका डोंगराळ जंगलात एक अस्वलीण राहत असे. उंच कड्यावरची मोहळे उतरवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिचा मध दाट आणि निर्भेळ असे. पाण्याचा थेंबही ती त्यात मिसळत नसे. पिल्लांना खोकला झाला की साऱ्या आया तिच्या गुहेकडे धाव घेत आणि मधाच्या बदल्यात कोणी कंद, कोणी बोरे ठेवून जात. त्याच जंगलात वाघाच्या दरबाराने एका मुंगसाला तपासनीस नेमले होते. खाण्याचे जिन्नस, औषधी मुळ्या, इतकेच काय, पिसे चमकवायचे रंगसुद्धा धोक्याचे वाटले तर तो बंद करू शकत असे. अस्वलिणीला त्याची कधी धास्ती वाटली नाही. आपल्या मधात कसली खोट निघणार, असे तिला वाटे.

एका हिवाळ्यात सशीण आपले पिल्लू घेऊन रडत मुंगसाकडे आली. खोकल्यासाठी तिने त्याला अस्वलिणीचा मध चाटवला होता. आता पिल्लाला उभे राहवत नव्हते, तोंड कोरडे पडले होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. खारीच्या घरीही तसेच घडले होते. मुंगसाने दोन्ही घरी काय काय खाल्ले ते विचारून घेतले, उरलेला मध स्वतः चाखला आणि मग तो अस्वलिणीच्या गुहेपाशी आला.

"अस्वलमावशी, हा मध आता कुणाला द्यायचा नाही," तो म्हणाला. "दिलेला आहे तोही परत मागवा."

अस्वलिणीचे केस ताठ झाले. "मी लबाडी करते असं म्हणायचंय का तुला?"

"नाही मावशी. तुम्ही सचोटीनं वागता हे मला ठाऊक आहे. पण म्हणून मधात विष नसेलच असं मला म्हणता येत नाही."

"अरे, मी स्वतः रोज पोटभर खाते तो."

"तुम्ही केवढ्या आणि सशाचं पिल्लू केवढं," मुंगूस म्हणाला.

अस्वलिणीने तडक दरबारात जाऊन आपल्या मधाची ग्वाही दिली; मागोमाग मुंगूसही पोहोचला. योगायोगाने वाघानेही तोच मध खाल्ला होता. "मला तर काहीच झालं नाही," तो मिशीवरून पंजा फिरवत म्हणाला. सारा दरबार मुंगसाकडे पाहू लागला. अस्वलिणीच्या एका फटक्यात तो पलीकडे जाऊन पडला असता. पण तो होता तिथून हलला नाही.

"महाराज, मी फक्त बोटभर चाखला, तर कितीतरी वेळ माझी मान सरळ राहीना," तो म्हणाला. "आपण खुशाल खा, आपल्याला तो पचेल. पण त्याच मडक्यातून खारीची पिल्लंही खातात. मला त्यांच्या पोटाच्या मापानं ठरवावं लागतं."

वाघ मिशीवरचा पंजा खाली टेकवून पुढे झुकला. मग म्हणाला, "माझ्या होला हो म्हणायला मी याला नेमलेलं नाही. दोष कुठं आहे ते कळेपर्यंत मध बंद."

अस्वलीण धुसफुसत घरी आली. तिचे धाकटे पिल्लू तिच्या पाठीवर बसले होते. त्याला खोकल्याची ढास लागली. सवयीने तिने मडक्यात बोट बुडवले आणि त्याच्या तोंडापाशी नेले. पण हात पुढे जाईना. साऱ्या दरबारासमोर ती या मधाची ग्वाही देऊन आली होती, आणि आता कोणी बघत नसतानाही तिला तो आपल्या पिल्लाला देववेना. तिने ओढ्यावर जाऊन बोट धुतले आणि तशीच मुंगसाच्या बिळापाशी गेली.

"मुंगूसभाऊ, माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. "माझ्या माश्या कुठं जातात ते बघू."

दोघे माश्यांच्या मागे निघाले. त्या वर्षी गारपिटीने झाडांचा बहर झडून गेला होता. माश्या पोटासाठी दूर नदीकाठी उतरत होत्या, आणि तिथे नजर जाईल तिथवर विषारी धोत्रा फुलला होता.

"यात तुमचा काही दोष नाही, मावशी," मुंगूस म्हणाला.

"पण पिल्लांच्या तोंडात गेला तो माझ्याच हातचा," अस्वलीण म्हणाली. तिने उरलेली मडकी खड्ड्यात ओतून वर माती लोटली आणि पिल्लाला पाठीवर घेऊन ती दारोदार फिरली. "मी दिलेला मध कुणाला चाटवू नका," असे स्वतःच्या तोंडाने सांगताना तिची मान खाली जाई. सशिणीच्या दारी मात्र ती कितीतरी वेळ थबकली. आत पिल्लू उठून बसले होते आणि गवताची काडी कुरतडत होते. ते पाहिल्यावर तिच्या जिवात जीव आला.

पुढच्या वर्षी जांभळांना बहर आला आणि मडकी भरली. अस्वलिणीने एकही मडके उघडण्याआधी स्वतःहून मुंगसाला बोलावणे धाडले. त्याने एकेक मडके चाखले, सावलीत बसून वाट पाहिली आणि शेवटी एक बाजूला सरकवले. "याची मला खात्री वाटत नाही," तो म्हणाला. अस्वलिणीने लगेच ते मडके उचलून मातीत ओतले. रांगेत पुढे उभ्या असलेल्या सशिणीने ते पाहिले. तिने दुसऱ्या मडक्यातला मध घेतला आणि घरी जाईपर्यंतही न थांबता तिथेच आपल्या पिल्लाच्या जिभेवर ठेवला.

तात्पर्य : देणारा प्रामाणिक असला तरी दिलेली वस्तू निर्धोक असतेच असे नाही. म्हणून सर्वांत लहान जिवाचा विचार करून ती पारखणारा, आणि बलवंतांनाही 'थांबा' म्हणणारा, हाच सगळ्यांचा खरा राखणदार होय.