पगड्यांची सभा

डोळे मिटा, कान तेवढे उघडे ठेवा. एकदा काय झालं, एका राजाच्या राज्यात दोन सभा होत्या. खालच्या सभेत लोकांनी निवडलेली माणसं. वरच्या सभेत नुसते सरदार. आजोबा सरदार म्हणून बाप सरदार, बाप सरदार म्हणून मुलगा सरदार. खालच्यांनी काहीही ठरवलं, तरी वरच्यांनी ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय ते होत नसे.

त्यातलेच एक हैबतराव. त्यांच्या पगडीवर जरीनं किताब काढलेला, ‘रणकेसरी’. लढाई कधी बघितली नव्हती, बरं का! पण मनात एकच भीती. पगडी गेली तर आपल्याला कोण ओळखणार?

आणि त्या सभेची एक रीत होती. सगळ्यांनी समोर सिंहासनाकडे बघायचं. मान वळवून शेजाऱ्याकडे बघणं म्हणजे त्याचा अपमान. हैबतरावांनी कधी मान वळवली नाही.

मग एकदा खालच्या सभेतली गजराक्का नावाडीण जिना चढून आली. म्हणाली, "पुरात नाव उलटते. पूल हवा."

सभा गरजली, "नामंजूर!"

मग ती पुन्हा आली. "तापानं लेकरं जातात. दवाखाना हवा."

"नामंजूर!" त्या दिवशी हैबतरावांना ‘मंजूर’ म्हणायचं होतं. पण ऐकू आलं भलतंच.

मग ती कायदाच घेऊन आली. "जन्मानं मिळालेले किताब रद्द. वरच्या सभेतही लोक निवडतील तोच बसेल."

हैबतरावांनी पगडी घट्ट धरली. सभा गरजली, "नामंजूर!"

गजराक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो हैबतकाका, एकदा शेजारी तरी बघा!"

काका? रणकेसरीला काका? रागानं त्यांनी मान वळवली. आणि अगं बाई! शेजारी माणूसच नाही. आसनावर नुसती पगडी. पलीकडे पगडी. मागे पगड्याच पगड्या. कुणी सरदार कंटाळून घरी बसलेला, कुणी कधीचा वारलेला. पगड्याच ओरडत होत्या!

हैबतरावांना वाटलं, मी तरी आहे का? त्यांनी चाचपून बघितलं. नाक होतं. मिशा होत्या. मग ते म्हणाले, "मं..." तोच डोक्यावरून आवाज आला, "नामंजूर!"

त्यांची स्वतःचीच पगडी!

त्यांनी ती उतरवली. टकलाला वारा लागला. मग स्वतःचा घोगरा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

"मंजूर."

सभेत माणूस एकटाच, म्हणून कायदा एकमतानं झाला! राजानं शिक्का मारला. पगड्या कायमच्या गप्प बसल्या.

हैबतराव बोडक्या डोक्यानं जिना उतरले. खाली केवढी गर्दी. आता कोण ओळखणार? तेवढ्यात गजराक्कानं हाक मारली, "हैबतकाका, ऊन लागेल! हा पंचा घ्या डोक्याला."

मग निवडणूक झाली. वरच्या सभेतली आसनं समोरासमोर मांडली. दवाखाना झाला, पूल झाला. हैबतकाका काही निवडून आले नाहीत, बरं का. पण पुलावरून चालले की जो तो त्यांना हाक मारी. सगळे सुखानं राहिले.

आता तुम्हीही मान वळवा. शेजारच्याच्या अंगावर पांघरूण आहे का बघा, आणि झोपा.