रथसप्तमीचे दूध

"बुवा, सूर्याने मला टाकलं का?"

नरहरबुवा विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसले होते. कमरेला पंचा, बाकी अंग उघडे.

विचारणारा मुकुंद बेहेरे. पन्नाशीचा गडी, बुवांचा पट्टशिष्य. पुण्यात त्याचा सूर्यनमस्कारांचा मोठा वर्ग. समोर कॅमेरा लावून तो नमस्कार घाली आणि त्याचे पाहून परदेशातलेही लोक घालत. दर रथसप्तमीला तो कोकणात येई. डोंगरावरच्या या लहानशा सूर्यमंदिराच्या अंगणात गावाकडून नमस्कार घालून घेई. बुवांच्या मागे इथली उपासना त्याने चालवायची, असे गाव धरून चालले होते. तोही.

त्या सकाळी ते मोडले.

सूर्य वर आला. माणसे अंगणात रांगेने उभी राहिली. मुकुंदाने सूर्याचे पहिले नाव खणखणीत घेतले. दुसरे घेतले. तिसऱ्याला खोकला आला तो थांबेना. तो छाती धरून खाली बसला. माणसे हात जोडून तशीच उभी. शेवटी बुवांनी बसल्या जागेवरून तिसरे नाव घेतले, मग पुढची सगळी.

नंतर माणसे प्रसाद घेऊन घरी गेली. कोणी एक शब्द बोलले नाही. तेच त्याला जास्त लागले.

"बोला ना, बुवा."

"आधी बस."

मुकुंदाने पडवीतून चटई आणली. अंगणाच्या पूर्वेला मोहोरलेला आंबा होता. त्याची लांब सावली विहिरीपर्यंत आली होती. त्याने बुवांच्या शेजारी चटई टाकली आणि बसला. डोक्यावर टोपी, अंगात लांब बाह्यांचा सदरा, गळ्याला मफलर.

बसला, पण बसवेना. गुडघा हलत होता.

"माझं काय चुकलं ते सांगा. वीस वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी नाही. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा नाही."

"नमस्कार कुठे घालतोस?"

"वर्गात. इमारतीच्या खाली मोठा हॉल आहे. पहाटे, उजाडायच्या आत. पूर्वेची भिंत बघून."

"भिंत."

"भिंतीवर सूर्य रंगवून घेतलाय. चांगल्या चित्रकाराकडून."

"आणि अर्घ्य?"

"रोज. तांब्याच्या भांड्यातून ओंजळ भरून. रिकाम्या हाताने मी त्याच्यापुढे कधी उभा राहिलो नाही, बुवा."

"पाणी पडतं कुठे?"

"खाली परात ठेवतो."

अंगणाच्या मधोमध शेजारच्या द्वारकाकाकू शेणी रचत होत्या. या गावात रथसप्तमीचे दूध सूर्य डोक्यावर आला की तापवतात. मातीच्या बोळक्यात, उघड्यावर. दूध उतू जाईल ते सूर्याचे. उरेल ते माणसांचे.

काकूंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "पुण्यात सूर्य तळघरात उगवतो होय?"

"काकू, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"नाही बाबा. आमचा आपला डोंगरामागून येतो."

मुकुंद उठला. सावली सरकली होती. त्याने चटई थोडी ओढून घेतली आणि पुन्हा बसला.

बुवा होते तिथेच होते. ऊन त्यांच्या पावलांवर आले होते.

"बाकी दिवसभर काय करतोस?"

"वर्गच. सकाळचा आटोपला की दुपारचा, मग संध्याकाळचा. मध्ये मुलाखती. बाहेर पडतो तो गाडीतून. वेळ कुठे आहे?"

"हं."

"नुसतं हं म्हणू नका, बुवा. रागवा. पण काहीतरी बोला."

बुवांनी डोळे मिटले…

मुकुंदाला राहवेना. तो देवळापर्यंत गेला. गाभाऱ्यात डोकावला. परत आला. चटई पुन्हा ओढली. बसताना खोकला. खोकला आवरायला त्याने मफलर तोंडावर धरला.

काकू म्हणाल्या, "कधीपासूनचा हा?"

"हवा बदलली की होतो."

"गेल्या खेपेला पण हवाच बदलली होती."

मुकुंद बुवांकडे वळून हळू म्हणाला,

"या हिवाळ्यात तिसऱ्यांदा छाती भरली. घरात सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं साधी सर्दी."

बुवांनी डोळे उघडले.

"कोणाला दाखवलंस?"

"दाखवलं. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. रक्त तपासलं. कागद वाचला आणि हसली."

"का?"

काकूंच्या हातातली शेणी हातातच राहिली.

"म्हणाली, सर, तुम्ही सूर्यनमस्कारवाले, आणि तुमच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. तुम्हाला ऊन मिळत नाही."

काकू हसल्या नाहीत. बुवाही नाहीत.

"हसा की. सगळे हसणारच आहेत. उद्या माझ्या लोकांना कळलं तर? ज्याच्याकडून सूर्य शिकायचा, त्यालाच सूर्य कमी पडला."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, ते हाडांनाच लागतं असं नाही. छातीत रोग शिरला की अंग आतून लढतं, त्या लढाईलाही लागतं. खोकल्याचं तेच एक कारण असेल असं नाही म्हणाली. पण एवढी उणीव ठेवून बरं व्हायची वाट बघू नका म्हणाली."

"उपाय?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून औषधाच्या पुड्या काढल्या. एकही फोडलेली नव्हती.

"आठवड्याला एक, दुधातून. आणि ऊन. पहाटेचं नव्हे, वर चढलेलं. थोडा वेळ, उघड्या अंगावर."

"मग?"

"मग काय? सूर्याचा भक्त मी, आणि सूर्य दुकानातून पुडीत बांधून आणू?"

त्याने पुड्या बुवांच्या पुढ्यात टाकल्या. बुवांनी त्या उचलल्या, मांडीखाली ठेवल्या. वारा होता.

मुकुंद पुन्हा उठला. ऊन आता विहिरीवरून पुढे सरकले होते. त्याने चटई ओढली. आणखी ओढली. टोपी काढून कपाळ पुसले, लगेच घातली.

"दुपारच्या उन्हात माझं डोकं दुखतं," तो कोणाला उद्देशून म्हणाला ते कळले नाही.

काकूंनी शेणी पेटवल्या. वारा पडला होता, धूर सरळ वर गेला. त्यांनी बोळके ठेवले, त्यात दूध ओतले आणि पदराने वारा घालीत बसल्या.

बुवा आता पुरते उन्हात होते. डोके, खांदे, छाती, सगळे. ते हलले नाहीत.

काकूंनी आणखी एक शेणी आत सारली.

मग मुकुंद म्हणाला, "मी ठरवलंय, बुवा."

"काय?"

"हा रोग नाही. ही परीक्षा आहे. माझी सेवा कमी पडली. तुम्ही परवानगी द्या. आजपासून पाडव्यापर्यंत मी गाभाऱ्यात बसतो. दार लावून घेतो. एक वेळ दूध, बाकी काही नाही. औषध नाही. रात्रंदिवस त्याचं नाव घेईन. पाडव्याला बाहेर येईन तेव्हा याच अंगणात सगळी नावं एका दमात म्हणेन. सगळ्या गावापुढे."

काकूंचा पदर थांबला.

"अरे, त्या गाभाऱ्यात ओल आहे. तिथे तेलवातसुद्धा धड जळत नाही."

"काकू, मी बुवांना विचारतोय."

"आणि पाडव्याला बाहेर कोण येणार? तू, की तुला चौघे घेऊन?"

"काकू."

"सकाळी तिसऱ्या नावाला खाली बसलास. मी बघत होते. ओठ निळे झाले होते तुझे."

मुकुंदाचा आवाज चढला. "बुवा, तुम्ही सांगा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर या देवळाची पायरी मी पुन्हा चढणार नाही. हो म्हणालात तर आत्ता दार लावतो."

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले.

"ऐकू येतंय का, बुवा?"

"येतंय."

"मग?"

"इतक्या लांबून का ओरडतोस?"

मुकुंद काही बोलणार होता. थांबला.

त्याने पाहिले. विहीर पार तिकडे होती. बुवा तिकडे होते. मधे सगळे अंगण. तो आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून बसला होता आणि बुंध्याभोवती उरलेल्या सावलीत पाय पोटाशी घेऊन मावत होता. चटई ओढत नेल्याची रेघ मातीत उमटली होती, विहिरीपासून थेट झाडापर्यंत. वाकडी, पण एकाच दिशेची.

त्याने ती रेघ नीट पाहिली…

"मी तुमच्या शेजारी बसलो होतो," तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"हो."

"तुम्ही हलला नाहीत."

"नाही."

वरून मोहोर गळत होता. त्याच्या टोपीवर पडला. त्याने तो झटकला नाही.

काकू म्हणाल्या, "दूध वर येतंय."

बोळक्याच्या काठावर साय फुगली. मग एका बाजूने दूध ओसंडले, शेणीवर सांडले, चर्र आवाज झाला. करपट गोड वास सुटला. काकूंनी हात जोडले. बुवांनी जोडले.

मुकुंद उठला. चटई तिथेच राहिली. उन्हाच्या कडेशी तो थबकला, मग अंगण ओलांडून आला. येता येता मफलर काढला. बुवांपुढे उभा राहून टोपी काढली. सदरा काढताना खोकला आला. त्याने तो येऊ दिला. काकूंनी दुसरीकडे तोंड केले.

त्याची पाठ पांढरी होती. कितीतरी वर्षांत बाहेरचे काही न पाहिलेल्या माणसासारखी.

"बस," बुवा म्हणाले.

तो बसला. गुडघा हलत होता. हळूहळू कमी झाला, थांबला मात्र नाही.

"गाभाऱ्याचं?" त्याने विचारले.

बुवांनी काकूंकडे हात केला. काकूंनी उरलेले दूध वाटीत ओतून दिले. बुवांनी ते दोन वाट्यांत वरखाली करून निववले. बोट बुडवून पाहिले. मग मांडीखालची एक पुडी काढली, दातांनी फोडली आणि दुधात रिकामी केली. तुळशीच्या काडीने ढवळले.

"बुवा, हा प्रसाद आहे."

"हो."

"त्यात औषध…"

"हो."

"मी त्याला रोज देत आलो, बुवा. उभा जन्म देत आलो. आता त्याच्याकडे मागायचं? तेही पुडीतून?"

बुवांनी वाटी उचलली.

"हात पुढे कर."

मुकुंदाचे हात पुढे आले. वीस वर्षांच्या सवयीने आले. सूर्याकडे तोंड, कोपर ताठ, ओंजळ पुढे कललेली, बोटांची टोके जमिनीकडे. अर्घ्य सोडताना असतात तशी.

बुवांनी वाटी तिरकी केली. दूध काठापर्यंत आले. ओतले मात्र नाही.

मुकुंद वाट पाहत राहिला. त्याला कळेना.

त्याने ओंजळ आणखी पुढे केली…

"ही देणाऱ्याची ओंजळ झाली, मुकुंदा. घेणाऱ्याची धर."