कोन लहान असेल तर

"मग चूक कुठल्या ओळीत आहे, ते तरी सांगा!"

सुव्रतने कागद पुढे सरकवले. गुर्जरबाई ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून मटार सोलत होत्या. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलं होतं.

"ओळी बरोबर आहेत."

"मग सही करा ना, बाई! उद्या बंदरावर चाचणी आहे. क्रेनला टांगलेलं ओझं झुलून परत यायला किती वेळ घेतं, ते मी काढलंय. त्या वेळेवर क्रेन थांबवली की ओझं स्थिर. मग खालची माणसं ते उतरवून घेतील. गणित तपासल्याची तुमची सही नसली तर बंदरवाले माझी पद्धत बाद करतील."

"या झोपाळ्याचा वेळ काढ."

"हा? हा तर अकरावीतला पोरगाही काढेल."

"मग तुला जमायला हरकत नाही."

सुव्रतने कडीपासून पाटापर्यंत लांबी मोजली, वेळ काढला. तेवढ्या वेळाने पुन्हा पुन्हा वाजेल अशी घंटी फोनवर लावली.

"बस."

बाई उठल्या, तो बसला. बाईंनी हलकेच झोका दिला. झोपाळा पुढच्या टोकाला पोचला की घंटी वाजे. प्रत्येक वेळी. अचूक.

सुव्रत हसला.

बाईंनी पदर खोचला आणि जोरात ढकललं. मग आणखी जोरात. कड्या करकरल्या, पाय आढ्याकडे गेले.

घंटी वाजली... जरा लवकर. पुढच्या वेळी आणखी लवकर. काही झोक्यांनंतर तो मागे जात असताना वाजली.

त्याने घंटी बंद केली.

"मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो... आणि झोक्याचा कोन लहान आहे असं धरलंय मी, पहिल्याच ओळीत."

बाई पुन्हा मटार सोलू लागल्या.

"पण तसं धरलं नाही तर समीकरण सरळ सुटत नाही, बाई! पुस्तकात सगळे तसंच धरतात."

"पुस्तकाखाली कुणी उभं नसतं."

सुव्रत उतरला. फोन लावला.

"उद्याची चाचणी नको... हो, मीच सांगतोय. वाऱ्यात ओझं किती झुलेल ते मी पाहिलंच नाही."

पायरीवर बसून त्याने कोरा कागद घेतला.

"सूत्र मिळालं नाही तर आकडे घालून, पायरीपायरीनं काढीन. पण सोडणार नाही."

मागे रिकामा झोपाळा अजून करकरत होता. लक्ष लागेना, म्हणून त्याने तो धरायला हात पुढे केला.

"थांबवू नकोस," बाई म्हणाल्या. "आधी कुठवर जातो ते बघ."