सशाच्या पोटरीतली मिठी

मृण्मयी बालवाडीत रडली तर तिला जवळ कोण घेणार, या काळजीने शलाकाचा रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळी बालवाडीच्या पायरीवर लेकीला मांडीत धरून तिने गोष्ट सुरू केली. नवरा शेजारी लेकीचं दप्तर घेऊन उभा होता. विषय अर्थात तिला येणारा एकमेव, रसायनशास्त्र.

"माणसांना चूलही ठाऊक नव्हती, तेव्हा एका सशाच्या पोटरीत मिठी नावाचं विकर राहायचं. विकर म्हणजे अंगातला इवलासा कामकरी. ही दिसायची उघड्या ओंजळीसारखी. साखरेचा कण येऊन बसला की ओंजळ मिटायची, मिठी त्याला तीट लावायची आणि सोडायची. तीट लावलेला कण पेशीबाहेर पळू शकत नसे. तो पुढच्या कामाला लागे आणि सशाला बळ मिळे.

एकदा एक कण इतका गोड निघाला, की मिठी ओंजळ उघडेचना. 'पुढे तुझं कसं होईल रे?'

मागचे कण ओरडले, 'मावशी, आम्ही कधी बसायचं?'

तेवढ्यात कोल्हा आला. ससा उडी मारायला गेला, तर पायात त्राणच नाही!

'मावशी, तीट लावलीस ना? मग जाऊ दे मला,' कण म्हणाला.

मिठीने मन घट्ट करून ओंजळ उघडली. एकामागून एक कण सुटले आणि ससा टुणकन झुडपात!"

पुढे साखर जळून जाते, हे शलाकाने गुपचूप गाळलं. लेकीभोवतीचे हात मात्र अजून तसेच होते.

मृण्मयी म्हणाली, "आई, मग तू आता बाबांना धर. मी चालले."