आढाव मास्तरांची चिठ्ठी

"माझी चिठ्ठी तीन रविवार का वाचली नाही, एवढंच सांगा."

आढाव मास्तर चर्चच्या दारात उभे होते. मागे त्यांच्या पत्नी केशरबाई, डोक्यावर पदर.

दीनाआत्या बाकांखालून केर काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वहाणा काढ आधी."

मास्तरांनी वहाणा काढल्या. सहासष्ट वर्षांचा माणूस, निवृत्त हेडमास्तर, आमच्या मंडळीचा पंच. त्यांना दुसरं कोणी असं बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण दीनाआत्या शहाऐंशीच्या. साठ वर्षांपूर्वी त्या बायबलबाई म्हणून या गावात आल्या, तेव्हा योनाथान आढाव नावाच्या शेंबड्या पोराला पहिली प्रार्थना त्यांनीच शिकवली होती. गुरूपुढे हेडमास्तरही विद्यार्थीच.

शनिवारची दुपार होती. मी वेदीजवळ पेटीचा भाता दुरुस्त करत बसलो होतो. रविवारी पेटी मी वाजवतो. उठून जावं की थांबावं ते कळेना, म्हणून थांबलो. खरं सांगायचं तर ऐकायचंही होतं.

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. कोणाचं दुखणं, कोणाची परीक्षा, कोणाची आटलेली म्हैस, ज्याचं जे असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. रविवारी दीनाआत्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात आणि मंडळी आमेन म्हणते. मास्तरांची चिठ्ठी चार वर्षं दर शनिवारी येत होती. अक्षर मोत्यासारखं, मजकूर तोच. 'माझा मुलगा समर्पण सेवेचा मार्ग सोडून भरकटला आहे. प्रभूने त्याला ताळ्यावर आणावे.'

मास्तरांची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी मिशनच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मास्तरांनी नवस केला. हे जगलं तर देवाच्या सेवेला देईन. जगलं. नावच समर्पण ठेवलं. मोठा झाल्यावर त्याला चर्चचा पाळक व्हायला पुण्याला धाडलं. तिसऱ्या वर्षी तो ट्रंक घेऊन घरी आला आणि एकच वाक्य बोलला. "नवस तुम्ही केला, बाबा, फेडायला मी का?"

मास्तर म्हणाले, मग या घरात तुझं काम नाही. त्याने ट्रंक पुन्हा उचलली. त्याच शनिवारी पहिली चिठ्ठी पेटीत पडली.

"आत्या, मी काही विचारतोय."

"कानांनी ऐकू येतं मला."

"चार वर्षं वाचलीत. आता काय झालं?"

"चार वर्षं वाचली, ती चूक झाली."

मास्तरांचा आवाज चढला. हा विषय मी पंच कमिटीपुढे ठेवीन, म्हणाले. चिठ्ठी वाचायची की नाही ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण, असंही म्हणाले.

"ठेव की." आत्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "मला काढून टाका म्हणावं. साठ वर्षांत पगार घेतलेला नाही, तेव्हा काढायला काही अडचण यायची नाही."

…

मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. या आठवड्याची चिठ्ठी. ती पुढे करताना त्यांचे तळहात मला दिसले. दोन्ही हातांना फोड. विहिरीवरची मोटर जळून पंधरा दिवस झाले होते आणि मास्तर लिंबोणीच्या झाडांना पोहऱ्याने पाणी शेंदून घालत होते. जळालेल्या मोटरीला नवी तार भरून देणारा भरवशाचा माणूस तालुक्यात एकच, बसस्टँडमागच्या गाळ्यातला समर्पण आढाव. म्हणून मोटर ओसरीवर पडून होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर मोटर जळाली होती.

आत्यांनी चिठ्ठी घेतली. उघडली नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकाकडे बोट केलं.

"बस तिथं."

"मी पुढे बसतो."

"ठाऊक आहे. आज तिथं बस."

मास्तर बसले. त्या बाकावर उशिरा येणारे बसतात, आणि ज्यांना लवकर सटकायचं असतं ते. मास्तरांना तिथे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आत्या एकेक पायरी चढून प्रवचनाच्या मेजामागे उभ्या राहिल्या. चष्मा लावला. कागद उलगडला आणि रविवारच्या आवाजात वाचू लागल्या.

"आपले बंधू योनाथान आढाव बापाचा मार्ग सोडून भरकटले आहेत. प्रभूने त्यांना ताळ्यावर आणावे. सर्वांनी आमेन म्हणावे."

"आमेन," मी म्हणालो.

सवयीने निघून गेलं तोंडातून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं मला.

मास्तर ताडकन उठले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. ते दाराशी गेले आणि पायाने वहाणा चाचपू लागले.

"कुठं निघालास?"

"अपमान करून घ्यायला आलो नाही मी इथं. माझं नाव असं चारचौघांत…"

ते थांबले. एक वहाण पायात, एक बाहेर.

"चार रविवारांमागं तोही त्याच बाकावरून उठला," आत्या म्हणाल्या.

…

"कोण?"

केशरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"खोटं आहे हे," मास्तर म्हणाले. "माझा मुलगा इथं आला आणि मला दिसला नाही?"

"तू पहिल्या बाकावर बसतोस. तुझी पाठ दाराकडं असते. मी चिठ्ठी वाचून मान वर केली, तेव्हा तो वहाणा हातात घेऊन चालला होता. त्या घालायलाही थांबला नाही." आत्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "माझ्या तोंडानं हाकलला मी त्याला."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. साक्षीला दुसरं कोण होतं?

केशरबाई इतका वेळ एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तशा त्या कधीच बोलत नाहीत. आता बोलल्या, तेही भिंतीकडे बघत.

"आला होता. पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. हातात पेढ्यांचा पुडा होता."

"पेढे कसले?"

"मला काय ठाऊक? विचारायला उठले कुठं मी? लोक बघतील म्हणून बायकांच्या सतरंजीवर बसून राहिले. पोटचा पोर पेढे परत घेऊन गेला आणि मी आमेन म्हणाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

केशरबाईंनी आता मास्तरांकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात असं पाहिलं नसावं.

"सांगितलं असतं तर तुम्ही ते पण चिठ्ठीत लिहिलं असतं."

मास्तर उंबऱ्यावर बसले. एका पायात वहाण तशीच होती. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. पेढे कसले होते, हेच माझ्याही डोक्यात घोळत होतं.

ते बोलले, पण ताठा गेला नव्हता. माफी मी मागणार नाही, म्हणाले. मी बाप आहे. नवस देवाशी केला होता, खेळ म्हणून नव्हे.

"नको मागूस," आत्या म्हणाल्या. "देवाशी केला होतास ना? मग ते देवाशी भांडून मिटव. मीही भांडते त्याच्याशी, रोज पहाटे. मंडळीला कशाला मध्ये घेतोस? आणि त्या पोराला कशाला?"

"म्हणजे नवस मोडला तरी चालेल?"

"त्यानं कुठं मोडला? त्यानं केलाच नव्हता."

…

आत्या खाली उतरल्या. चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"भात्याला कागद हवा होता ना तुला? हा लागतो का बघ. जाड आहे."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. मी खळ लावून कागद भात्याच्या भेगेवर चिकटवला, अक्षरं आतल्या बाजूला करून.

आत्या उंबऱ्याशी गेल्या. मास्तरांचा हात हातात घेतला, उलथा केला आणि फोडांवरून अंगठा फिरवला. साठ वर्षांपूर्वी पाटी पुसली की नाही ते बघायला त्याच हाताची अशी तपासणी होत असणार.

"पोहरा जड होतो का रे?"

मास्तरांचे डोळे भरले होते आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ते दुसरी वहाण शोधत होते. वहाण समोरच होती.

केशरबाईंनी ती त्यांच्या पायाशी सरकवली. "बैलगाडी सांगू का हरीबाची?" त्यांनी विचारलं. "मोटर जड आहे."

मास्तर उठले. धोतराची धूळ झटकली. दोन पावलं गेले आणि वळले. आवाज अजून हेडमास्तराचाच होता, पण प्रश्न मात्र पहिलीतल्या पोराचा.

"आणि त्यानं विचारलं, चार वर्षांनी आज कशाला आलात, तर?"

आत्यांनी झाडू उचलला.

"खरं ते सांग. मोटर जळालीय म्हणावं."