नानू खेकड्याची नीटनेटकी बाग

माणसांनी काचेच्या पेट्यांत पाणबागा लावून एकमेकांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. एका तळ्यात दर वर्षी पाण्याखालच्या बागांची स्पर्धा होई. स्पर्धक दोनच, नानू खेकडा आणि सोनाक्का बेडकीण. नानू सलग सहा वर्षं दुसरा आला होता.

सातव्या वर्षी त्यानं जिद्दीनं बाग केली. गोटे उंचीप्रमाणे मांडले, प्रत्येक रोप नांगीनं एका मापात छाटलं आणि पाणी गढूळ करतात म्हणून माशांची पिल्लं हाकलून दिली. ती शेजारी सोनाक्काच्या दाट झुडपात राहायला गेली.

परीक्षक कासवआबा सकाळी निघून दुपारी पोचले. बाग पाहून खूश झाले. "वा, नानू. एक पान इकडचं तिकडे नाही."

"मग यंदा तरी पहिला ना, आबा?" नानूनं विचारलं.

आबा होय म्हणणार, एवढ्यात वर बगळ्याची सावली पडली. त्यांनी मान आत घेतली. सावली सरकल्यावर बाहेर काढली, तर नानू गायब. शेवटी सोनाक्काच्या झुडपातून त्याचे दोन डोळे वर आले. पाठीवर पाच-सहा पिल्लं दाटीवाटीनं बसली होती.

"अरे, स्वतःची बाग सोडून इथं?"

"तिथं लपायला जागा कुठाय, आबा?" नानू म्हणाला. मग त्यानं पलीकडच्या आपल्या उघड्या बागेकडे पाहिलं. "लिहा, दुसरा. आणि सोनाक्का, थोडी सरक. बगळा अजून काठावरच उभा आहे."

सोनाक्का सरकली. मग परीक्षकही हळूहळू आत शिरले.